कडुनिंबाला टांगलेला रूळ

मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. दोन हात लांब, आणि दोन माणसांनी मिळून उचलावा इतका जड. जानेफळच्या अलीकडे रस्त्याला लागून एक शाळा आहे. तिच्या पटांगणात मोठा कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला मला साखळीने टांगलेलं आहे. लोखंडी दांड्याने माझ्यावर टोल देतात. टोल पडला की मुलं वर्गात जातात, टोल पडला की बाहेर येतात. मित्रांनो, मला रोज ऐकणारे पुष्कळ आहेत, माझ्याकडे पाहणारे थोडे. म्हणून आज जरा माझ्यापाशी बसा. प्रार्थनेच्या टोलाला अजून अवकाश आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला हे काम आवडत नव्हतं.

माझा जन्म पोलादाच्या भट्टीत झाला. तिथून मला खामगाव आणि जळंब यांच्यामधल्या छोट्या लोहमार्गावर आणून टाकलं. थोडे डबे जोडलेली गाडी खामगावहून निघायची, जळंबला जायची, तिथे मोठ्या गाडीची माणसं घ्यायची आणि परत यायची. दिवसभर तिचं हेच. तरी मला तिचा कधी कंटाळा आला नाही.

गाडी दिसायच्या खूप आधी मला कळायची. लांबून एक बारीक थरथर यायची, मुंगी चालल्यासारखी. ती वाढत जायची. शेजारचा रूळ गुणगुणू लागायचा, मग मी. आणि एकदम सगळं ओझं अंगावर यायचं, आलं म्हणेपर्यंत पुढच्या रुळाकडे निघून जायचं. मागे उरायची फक्त ऊब. कापसाच्या हंगामात जिनिंगकडून उडालेले पांढरे पुंजके माझ्यावर येऊन बसायचे. गाडी आली की उडायचे, गेली की सावकाश पुन्हा खाली यायचे. हवेत सरकीचा वास असायचा. मला वाटायचं, आपण इथेच झिजून जावं.

पण माझ्या एका टोकाला बारीक चीर गेली. गँगमनने ती पाहिली, बोट फिरवून पुन्हा पाहिली आणि खडूने खूण केली. काही दिवसांनी माझ्या जागी नवा रूळ आला. मला कापून तुकडे केले. मी किती दिवस गवतात पडून होतो कोण जाणे. रोज गाडी जवळून जायची, पण ती थरथर आता माझ्यापर्यंत अर्धीच पोचायची. पुढे ठेकेदाराने लिलावात आमचा ढीग घेतला. त्याच्याकडून या शाळेतल्या एका गुरुजींनी मला मागून आणलं. गोणपाटात गुंडाळून मला एसटीच्या टपावर चढवलं. वाटेत मला काहीच दिसलं नाही. गोणपाट सुटलं तेव्हा मी हवेत लटकत होतो.

मित्रांनो, रुळाचं सुख जमिनीला टेकून असण्यात असतं. इथे माझे पाय कुठेच टेकत नव्हते. माझ्यासमोर शाळेच्या कुंपणाची उंच भिंत होती. तिच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. आणि दिवसातून कितीदा तरी दांड्याचे घाव. मी ओरडायचो आणि माझ्या ओरडण्यावर लोक आपापल्या कामाला लागायचे.

मला टोल देणारे शिपाई होते कचरूभाऊ. उंच, सडपातळ माणूस. ते रोज सकाळी रेडिओवरच्या वेळेशी आपलं मनगटी घड्याळ जुळवायचे आणि फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायचे. तास बदलताना दोन टोल, मधल्या सुट्टीला पाच, आणि शाळा सुटताना एकसारखा खणखणाट, असा त्यांचा नेम होता. मधल्या सुट्टीच्या पाच टोलांत एक गंमत असायची. चार टोल ते लागोपाठ द्यायचे. मग दांडा हवेत धरून क्षणभर थांबायचे. आणि मग पाचवा. मला वाटायचं, म्हातारा हात थकत असेल. मी कधी विचार केला नाही.

एका पावसाळ्यात कचरूभाऊ आजारी पडले ते परत आले नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या जागी त्यांची मुलगी मयुरी आली. नोकरीत असताना माणूस वारला तर घरच्या एकाला ती जागा मिळते, तशी तिला मिळाली. घरात आई होती, धाकटा भाऊ शिकत होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

मयुरी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेऊन बसलेली होती. शिक्षकांच्या भरतीची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यासाठी हुकली होती. आता ती त्याच शाळेत फळे पुसायची, पाण्याचे माठ भरायची, वर्गावर्गांत सूचनांची वही फिरवायची. दारात उभं राहून वही पुढे करायची, गुरुजींची सही झाली की परत फिरायची. कधी कधी सही झाल्यावरही ती दारातच राहायची, आत काय चाललंय ते ऐकत. मग आतून आवाज यायचा, "मयुरी, अजून काही आहे का?" ती मान हलवायची आणि निघायची.

एकदा मला टोल देऊन झाल्यावर ती दांडा हातात धरून तशीच उभी राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती मलाच म्हणाली, "मी दाराच्या आतलं शिकली, अन् उभी राह्यली दाराच्या बाहेर."

मी लोखंड. बोलता येत असतं तर म्हणालो असतो, बाई, मीही रूळ आहे आणि झाडाला टांगलेला आहे.

सकाळी शाळा उघडायच्या आधी मयुरी झाडलोट करायची. त्याच वेळी मलिहा यायची. मलिहा पहिलीत होती. तिचे आजोबा गुलजारभाऊ भंगाराचा धंदा करायचे. ते आपली लोटगाडी घेऊन गावोगाव फिरायला लवकर निघायचे, म्हणून नातीला आधीच शाळेत सोडून जायचे. मलिहाच्या घरची बोली वेगळी होती. शाळेतली मराठी तिला कळायची, पण तिने वर्गात अजून एक शब्द काढला नव्हता. ती माझ्याखाली दगडावर बसून राहायची आणि माझ्याकडे पाहायची. होय, माझ्याकडे पाहणारी ती पहिलीच.

झाडताना मयुरीला वर्गांत खडूचे बारके तुकडे सापडायचे. ते ती पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. एका सकाळी तिने त्यातला एक काढला आणि माझ्या सपाट पोटावर मोठा 'ग' काढला.

"हे तुह्या नानाचं अक्षर," ती मलिहाला म्हणाली. "गुलजारमधलं. यावर बोट फिरव. पण लवकर हं. टोल झाला की हे राहत नाही."

मलिहाने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिचं बोट माझ्या गंजलेल्या अंगावरून अगदी हळू जायचं, आणि मला त्या जुन्या बारीक थरथरीची आठवण यायची. मग प्रार्थनेची वेळ व्हायची. मयुरी टोल द्यायची. मी हादरायचो आणि खडूची भुकटी अंगावरून झरझर खाली पडायची. अक्षर गेलेलं असायचं. मलिहा खाली पडलेल्या पांढऱ्या भुकटीकडे पाहायची आणि हवेत बोटाने तेच अक्षर काढत वर्गात जायची.

असं रोज एक अक्षर. ते टोलापर्यंतच टिकायचं, म्हणून ते टोलाच्या आत शिकायचं. मयुरी त्या पाव तासात वेगळीच दिसायची. नंतर पुन्हा फडकं, माठ, वही.

श्रावणातल्या एका दिवशी पहिलीच्या बाई रजेवर होत्या. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका मंजुश्री मॅडम, घाईत म्हणाल्या, "मयुरी, पहिलीत जाऊन बस. काही करू नकोस. पोरं फक्त शांत राहिली पाहिजेत."

मयुरी पहिलीच्या वर्गात गेली. दाराच्या आत. थोड्या वेळाने ती सगळी पोरं घेऊन माझ्याखाली आली आणि त्यांना गोल बसवलं.

"सांगा बरं, पाच म्हणजे किती?"

एकाने पंजा दाखवला. एक म्हणाला, "लय!" पोरं हसली. मयुरीही हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता पाच डोळ्यानं नाही, कानानं पाहा," ती म्हणाली आणि तिने दांडा उचलला. "मी वाजवते, तुम्ही मोजा."

टण्. "एक!" पोरं ओरडली. टण्. "दोन!" टण्. टण्. आवाज वाढत गेला. आणि पाचव्याला सगळ्यांत मोठा आवाज मलिहाचा होता. "पाच!" तिने दोन्ही मुठी आवळल्या होत्या. शाळेत बोललेला तो तिचा पहिला शब्द. मयुरीने दांडा खाली टाकला आणि तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, पाच टोल म्हणजे काय ते तुम्हाला आठवतंय ना? मयुरीला त्या आनंदात आठवलं नाही.

सगळ्या वर्गांची दारं धडाधड उघडली. चारी बाजूंनी पोरं ताटं वाजवत निघाली. खिचडी शिजवणाऱ्या कोकिळाबाई डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "थांबा बे! तांदूळ आत्ता टाकला माय! कोनं देल्ला टोल?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मयुरीच्या पायाशी दांडा पडलेला होता. मधल्या सुट्टीला अजून तास बाकी होता.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण अर्ध्या तासात रस्त्यापलीकडच्या शेताचे मालक रवीभाऊ मोटारसायकलवर आले. ते फाटकातूनच बोलायला लागले. "मॅडम, तुमच्या शाळेत आता बारालाच सुट्टी होते का? माह्या वावरातल्या साऱ्या बाया खुरपे टाकून भाकरीले बसल्या! मी म्हटलं, अजून टाइम आहे. त म्हणतात, टोल झाला. आता टोल झाल्यावर उठवता येते का कोणाले?"

मला काही समजलं नाही. माझ्या टोलाचा वावराशी काय संबंध? भिंतीपलीकडे वावर आहे हेच मला तेव्हा कळलं.

मॅडमनी मयुरीकडून लेखी खुलासा मागितला. तिने एकाच ओळीत लिहिलं, 'पहिलीच्या मुलांना पाच शिकवताना चूक झाली.' मॅडम ती ओळ बराच वेळ पाहत होत्या. पण चूक ती चूक. दुसऱ्याच आठवड्यात मेहकरहून एक विजेची घंटी आली. ती कार्यालयाच्या भिंतीवर बसली. तिच्यात सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. तिला कुणी हात लावायचा नव्हता. वेळ झाली की ती आपली आपण किर्रर्र करायची.

"तुले त आराम झाला वं मयुरी," कोकिळाबाई म्हणाल्या. "डब्बी वाजते, तू बस."

मयुरी माठ भरायला निघून गेली.

आणि मी? मी तर कितीतरी वर्षं हेच मागत होतो. एकही घाव नाही. पहिला दिवस मी झोपेत काढला. रुळांची स्वप्नं पाहिली. दुसऱ्या दिवशी एक चिमणी माझ्यावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. टोल बंद झाला त्या सकाळी मयुरीने माझ्यावर 'म' काढला होता. तो अजून तिथेच होता. टोल पडत नव्हता, तर अक्षर झटकणार कोण? आणि मयुरी नवं काढत नव्हती. मलिहा रोज यायची, त्याच 'म'वर बोट फिरवायची आणि वाट पाहायची.

सहाव्या दिवशी मयुरी माझ्यापाशी आली. मला वाटलं, अक्षर काढेल. तिने नुसता तळहात माझ्यावर ठेवला.

"परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख गुरुवारी आहे," ती हळूच म्हणाली. "यंदा नाही भरत. जिले पाच टोल धड देता येत नाहीत, ती काय शिकवीन?"

तो 'म' आमच्या दोघांच्या मध्ये होता.

गुरुवारी दुपारी गुलजारभाऊ लोटगाडी घेऊन आले. मॅडमनी त्यांना शाळेतलं मोडकं सामान न्यायला बोलावलं होतं. तुटकी बाकं, गंजलेल्या खुर्च्या आणि मी. त्यांनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं. "रेल्वेचा माल हाय. असं लोखंड आता भेटत नाही."

"याचं काय करता हो तुम्ही?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"भट्टीत जाते. वितळते. मंग काय बी होते. सळई, पत्रा. नशीब असलं त पुन्हा रूळ."

पुन्हा रूळ! मित्रांनो, माझ्या मनात त्या वेळी काय झालं ते कसं सांगू? साखळी मयुरीनेच सोडली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी तेव्हा कापसाचे पुंजके पाहत होतो, जळंबच्या बाजूने येणारी थरथर ऐकत होतो.

गाडी फाटकाबाहेर पडली. आयुष्यभर चाकं माझ्यावरून गेली होती, आज मी चाकांवरून जात होतो. वर मोकळं आभाळ. ढग सावकाश, एकामागे एक, डब्यांसारखे सरकत होते. आणि भिंतीपलीकडचं जग मला पहिल्यांदा दिसलं. रस्त्याला लागून दूरपर्यंत हिरवंगार सोयाबीन होतं. त्यात आठ-दहा बाया ओळीने बसून निंदण करत होत्या, खुरप्याने तण काढत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रवीभाऊ उभे होते. गुलजारभाऊंनी गाडी सावलीला थांबवली आणि ते घाम पुसू लागले.

ओळीतली सगळ्यांत मोठी बाई उठली. तिचं नाव जनकाबाई. कमरेवर हात ठेवून तिने शाळेच्या दिशेने पाहिलं, जरा वेळ कान दिला, मग वळून म्हणाली, "रवीभाऊ, किती वाजले?"

"अजून एक नाही झाला."

"तुह्या मोबाइलात एक वाजतच नाही का रे बाप्पा? सूर्य पाहा कुठी आला."

"मोबाइल खोटा बोलीन का, जनकाबाई?"

"मोबाइल नाही बोलत. मोबाइलवाला बोलते!"

बाया खदखदून हसल्या. रवीभाऊही ओशाळून हसले, पण भाकरीची सुट्टी काही झाली नाही. बायांचे मोबाइल धुऱ्यावरच्या बाभळीखाली डब्यांजवळ पिशवीत होते. ते पाहायला जायचं म्हणजे धरलेली ओळ सोडायची. आणि एखादीने पाहिलंच तरी मालक म्हणायचा, तुमचं घड्याळ पुढे आहे. शाळेच्या टोलाला असं म्हणता येत नसे. तो मालकाचाही नव्हता आणि मजुरांचाही नव्हता. म्हणून कचरूभाऊंच्या काळापासून या शिवारात ठरून गेलं होतं, पाच टोल पडले की भाकर, सुटायचा टोल झाला की घर. गेले आठ दिवस टोल नव्हता आणि बायांची सुट्टी रोज थोडी थोडी पुढे सरकत होती.

जनकाबाईंची नजर गाडीवर गेली. त्या चिखलाच्या पायांनी रस्त्यावर आल्या. "गुलजारभाऊ, काय नेऊन राह्यले?"

"शाळेचा टोल हाय. भंगारात देल्ला."

"टोल भंगारात? मंग आमी जेवाव कधी?"

त्यांनी ओला, मातीने भरलेला हात माझ्यावर ठेवला. "हाच का तो? तीस वर्सं झाले, याले ऐकून राह्यलो. पाह्यला आज." मग मागे वळून हाक मारली, "या वं बायांनो! आपला टोल चालला!"

बाया आल्या. प्रत्येकीने हात लावून पाहिलं. एक म्हणाली, "कमरेत कळ येते, तवा वाटते, आता पडीन टोल, आता पडीन." दुसरी म्हणाली, "पडला की पाठ आपोआप सरळ होते." मी गाडीत पडून ऐकत होतो. मी इतकी वर्षं घाव मोजत होतो. त्या घावाचा आवाज भिंत ओलांडून कुठे जातो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुलजारभाऊंनी टोपी सारखी केली. "खरं सांगू का, जनकाबाई, मले बी नेताना बरं नाही वाटलं. माही मलिहा रोज याच्यावर बोट फिरवते. घरी येऊन मले चुलीच्या राखंत अक्षर काढून दाखवते." आणि त्यांनी गाडी वळवली.

तुम्हाला खरं सांगतो, माझ्या मनात दोन गोष्टी एकदम होत्या. पुढे भट्टी होती आणि कदाचित पुन्हा रूळ होणं होतं. मागे कडुनिंब होता. मला बोलता आलं असतं, तर मी काय म्हणालो असतो ते मला आजही ठाऊक नाही. बरं झालं, मला कुणी विचारलं नाही.

बाया गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत शाळेत आल्या. मंजुश्री मॅडम बाहेर आल्या.

"मॅडम, तुमची डब्बी तुमालेच ऐकू येते," जनकाबाई म्हणाल्या. "वावरात नाही येत. आमचा टोल वापस लावा."

"अहो, पण मयुरीने तासभर आधी टोल दिला होता."

"चुकली त एकडाव चुकली. अन् त्या दिवशी आमाले तासभर आधी भाकर भेटली. आमची त काही तक्रार नाही!"

मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. त्यांनी जरा विचार केला. तास बदलायला घंटी, आणि प्रार्थना, मधली सुट्टी व शाळा सुटणं यांना टोल, असं ठरलं. दोघा गुरुजींनी आणि गुलजारभाऊंनी मिळून मला पुन्हा फांदीला अडकवलं.

तोवर मयुरीने बायांना पाणी दिलं. जनकाबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "काऊन वं, तोंड काऊन उतरलं?"

"मावशी, मले हे काम नाही आवडत," मयुरी एकदम बोलून गेली.

"अन् मले निंदण आवडते का?" जनकाबाई हसल्या. "सकाळी डब्यात आंब्याच्या लोणच्याची एक फोड घेऊन येतो आमी. त्या फोडीकडं पाहून दुपार करतो. तुह्या बापाले तरी शिपायाचं काम कुठी आवडे? त्याले ढोलकी वाजवाची होती. जयंतीले गायन पार्टीत बसला की उठाचं नाव नाही. मंग नोकरी लागली, पार्टी सुटली. पण तो पाचवा टोल कसा दे, आठवते का? चार देल्ले की थांबे. आमी वावरात म्हणो, पाहा, कचरूनं थाप राखली."

मयुरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी फांदीवर लटकत ऐकत होतो. थकलेला हात नव्हता तो! दिवसभराच्या नावडत्या कामात तेवढा एक क्षण त्या माणसाने आपल्यासाठी ठेवला होता, आणि तो माझ्यावर वाजवला होता, आणि मला कळलं नव्हतं.

"तुही फोड कोनती, ते तू पाहा," जनकाबाई म्हणाल्या. "अन् मोठी फोड भेटत असन त तीबी सोडू नको. आता टोल दे माय, भूक लागली."

मॅडम कार्यालयाच्या दारातून म्हणाल्या, "आणि मयुरी, पहिलीच्या बाई उद्या पुन्हा रजेवर आहेत. वर्ग तू घे. टोल मात्र घड्याळ पाहून." मग दाराशेजारी लावलेल्या शिक्षक भरतीच्या जाहिरातीकडे बोट दाखवून त्यांनी पुढे म्हटलं, "फॉर्मची शेवटची तारीख आजच आहे ना?"

मयुरीने दांडा उचलला. एक, दोन, तीन, चार. मग तिने तो हवेत धरला. सगळं पटांगण थांबलं. मग पाचवा.

आठ दिवसांचा, हात लागून पुसट झालेला 'म' माझ्या अंगावरून झरझर खाली आला. आणि मित्रांनो, त्या पाचव्या टोलाला मला एक गोष्ट ओळखू आली. ती बारीक थरथर! पूर्वी ती लांबून माझ्याकडे यायची. आता ती माझ्यापासून निघाली, भिंतीवरून गेली, सोयाबीनवरून गेली, आणि तिकडे कुणाची तरी पाठ सरळ झाली असेल.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मयुरी माझ्याखाली बसली. मोबाइलला रेंज येईना, म्हणून ती त्या दगडावर उभी राहिली, मोबाइल उंच धरला आणि तिने फॉर्म भरला.

पुढची दोन वर्षं ती माझ्यावर रोज एक अक्षर काढत होती. मलिहाची अक्षरं संपली तेव्हा दुसरी मुलं आली. त्या वर्षीही परीक्षेत तिला यश आलं नाही. पुढच्या वर्षी आलं. तिला जळंबजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून जागा मिळाली.

जायच्या दिवशी ती लवकर आली. फडक्याने मला पुसलं. पदराच्या गाठीतून खडू काढला. मला वाटलं, आज कोणतं अक्षर? पण तिने माझ्या पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांब रेषा ओढल्या आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ आडव्या रेघा काढल्या.

"बाई, हे कोणतं अक्षर?" मलिहाने विचारलं. ती आता खूप बोलायची.

"अक्षर नाही. हा आधी इथं होता," मयुरी म्हणाली. मग ती माझ्याजवळ वाकली. "त्या शाळेतून गाडी दिसते म्हणतात. तुह्या माणसांना काही सांगू का?"

मग तिने प्रार्थनेचा टोल दिला, एकसारखा, लांबलचक. माझ्या अंगावरच्या त्या दोन रेषा थरथरू लागल्या. आधी बारीक, मग जोरात. मी डोळे मिटले. माझ्यावरून गाडी जात होती. डबे मोजता येत नव्हते. ती गेली तेव्हा रेषा नव्हत्या, खाली कापसासारखी पांढरी भुकटी पडली होती आणि मला जुनी ऊब जाणवत होती.

मित्रांनो, आता मला हे काम फार आवडतं, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. रूळ तो रूळच. अजूनही दुपारी डोळा लागला की मी खामगावच्या वाटेवर असतो. तुम्हालाही मोठेपणी कधी नावडत्या फांदीला लटकावं लागलं, तर तिथे आपली एक थाप राखा, आपलं एक अक्षर काढा. आपला आवाज भिंतीपलीकडे कुठवर जातो तेही एकदा जाऊन पाहा. आणि जाता येत असेल तर जरूर जा. मयुरी गेली. मला ती गेल्याचा आनंद आहे. एवढंच करा, तुमच्यासाठी रोज दांडा उचलणारा जो कुणी असेल, त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा. त्याच्या मनात काय वाजत असेल, कुणी सांगावं.

आज सकाळी मलिहाने पहिलीतल्या एका नव्या मुलीसाठी माझ्यावर 'ज' काढला आहे. ती मुलगी अजून बोट फिरवते आहे. टोलाला थोडाच वेळ उरला आहे. तिचं होऊ द्या.